बसप्पाची नायिका आणि बहिरा नवरदेव

बोरीच्या बसप्पा वाण्याला तुम्ही पाहिलं असतं, तर हा माणूस नाटकात नायिका होतो हे खरं वाटलं नसतं. तोंडावर देवीचे वण, आवाज जात्यात खडा अडकल्यासारखा. चालीबद्दल मी काही बोलत नाही, त्याची नातवंडं अजून दुकान चालवतात. पण लुगडं नेसून उभा राहिला की गावातले दोन-तीन शहाणे पटका सावरून बसत. नावं मला ठाऊक आहेत, विचारू नका.

निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस. महाशिवरात्रीच्या जत्रेत नाटक करायचं तर पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाची इजाजत लागे, आणि त्या साली ती मिळाली दिवस मावळायच्या आत आटोपायच्या बोलीवर. नाटक दिनकरराव गुरुजी बसवीत. गंगाखेडला उतरलेल्या एका कंपनीच्या वहीवरून त्यांनी ते उतरवून घेतलेलं. मूळ कुणी लिहिलं, हे कंपनीलाही सांगता आलं नाही. गोष्ट अशी, की एक नवरदेव बहिऱ्याचं सोंग घेऊन होणाऱ्या सासऱ्याच्या घरी मुक्कामाला येतो. माणसं पाठीमागं जे बोलतात ते तोंडासमोर ऐकावं, हा बेत. शेवटच्या प्रवेशात सोंग फुटतं आणि लग्न लागतं.

अडलं होतं नायिकेच्या एका वाक्यापाशी. नवरदेव समोर बसलेला असताना ती म्हणते, "ह्यांना ऐकू येत नाही ते किती बरं, मनातलं बोलता तरी येतं." आदल्या साली हेच नाटक झालं तेव्हा बसप्पानं हे असं ठणकावलं की शिवारातली ढोरं बिथरली असतील. बहिऱ्यापुढं माणूस ओरडूनच बोलतो ना! लोक हसले, पण नायिकेला हसले. "येडी हाय पोरगी," म्हणाले. ते बसप्पाला लागलं.

या साली गुरुजींनी तालमीत बजावलं, "बसप्पा, हे वाक्य जमत नसेल तर चंद्रभान उभा राहील." चंद्रभान म्हणजे पटवाऱ्याचा मेव्हणा. गळा गोड, गाल गोड. अकलेचं राहू द्या.

"गुरुजी, एक सांगा," बसप्पा म्हणाला, "त्याला ऐकू यायलंय हे तिला ठाऊक हाय का न्हाई?"

"वहीत तसं काही लिहिलेलं नाही."

"मी वहीला न्हाई, तुमाला इचारलं."

"तिला ठाऊक नाही. शेवटी काय म्हणते ती? 'तुमच्या बहिरेपणावर माझा फार विश्वास होता हो!' विश्वास, बसप्पा! भोळी आहे बिचारी."

"भोळी असती तर परक्या माणसापुढं एवढं बोलली असती का? गुरुजी, तिच्या मनातलं कळाल्याबिगर मी लुगडं सोडणार न्हाई!"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त पाराजवळ जरा मोठ्यानं बोललो होतो.

मग हा गडी गिऱ्हाइकांच्या मागं लागला. धुरपताबाई गुळाला आली, तर तिला धरलं.

"धुरपताबाई, समजा तुमचे मालक बहिरे हायत..."

"समजा कशाला? मी बोलायला लागले की बहिरेच असत्यात!"

दगडाबाईनं तर घेतलेला हिंग परत ठेवला आणि वाण्याला येड लागल्याचं घरोघर सांगून आली. तरी त्याचं विचारणं थांबेना.

जत्रा तोंडावर आली. एका सकाळी बसप्पा घरी ओसरीवर डोकं धरून बसला होता. म्हातारे वडील, मन्मथअप्पा, पूजा आटोपून शेजारीच होते. सासऱ्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. त्याची बायको गंगम्मा अंगणात म्हशीला वैरण टाकत होती.

"ऐकलंस का गं म्हशे," ती म्हणाली, "दुकानात मिठाचं पोतं हाय, अन् घरात कालपासून चिमूटभर मीठ न्हाई. गावातल्या समद्या बायांला इचारून झालं. घरातली कुणाच्या ध्यानात हाय?"

मन्मथअप्पांनी डोळे मिटून घेतले. बसप्पा मुकाट्यानं उठला, दुकानातून मीठ घेऊन आला आणि दारातच थबकला. बोलली ती म्हशीशी. मग मीठ मी का आणलं?

लेकी बोले सुने लागे, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. कळलं ते त्या दारात. नवरदेवाला ऐकू येतं हे नाटकातल्या पोरीला पहिल्यापासून ठाऊक होतं! बापाच्या घरात नवरदेवाशी बोलायची तिला सोय नव्हती, ती त्याच्या सोंगानंच करून दिली. मिठासकट तो गुरुजींकडं पळाला.

"ठाऊक हाय तिला! तिचा इश्वास हाय तो, की हा समदं ऐकायलाय!"

"मग शेवटी तिला धक्का कसा बसायचा?"

"त्याला बसू द्या की! दर बारीला बाईलाच का?"

"म्हणून दाखव."

"जत्रेतच म्हणीन. चुकलं तर फुडच्या साली चंद्रभानला माझ्या हातानं लुगडं नेसवतो."

चंद्रभानचं पाठांतर अजून पहिल्याच अंकात होतं, म्हणून गुरुजी कबूल झाले.

जत्रेत ऊन कलल्यावर नाटक उभं राहिलं. बाया देवळाच्या पायऱ्यांवर, बाप्ये खाली. नवरदेव होता भुजंग, शेतकरी माणूस, लग्नाला अकरा वर्षं झालेला. ते वाक्य आलं. बसप्पानं भुजंगकडं पाठ केली, सूप मांडीवर घेतलं आणि दाण्यांतले खडे निवडत, दाण्यांनाच सांगितल्यासारखं, हळू म्हणाला, "ह्यांना ऐकू येत नाही ते किती बरं, मनातलं बोलता तरी येतं."

बाप्ये गप्प. पायऱ्यांवर मात्र बाया अशा खिदळल्या की तो हशा घरंगळत खाली आला. आणि भुजंग? सवयीचा माणूस! बहिरेपण विसरून पटकन बोलून गेला, "काय आणू?"

सोंग फुटायला अजून तीन प्रवेश होते. पडद्याआड गुरुजींनी कपाळ धरलं. बसप्पानं मान वर केली नाही.

"बहिरे हायत बिचारे," तो दाण्यांना म्हणाला, "आपल्याच मनाचं बोलत्यात."

नाटक पुढं चाललं. शेवटचं 'विश्वास' वाक्य बायांच्या हशात कुणालाच ऐकू आलं नाही, अन् गुरुजींना ते उमगून हसू आलं, ते सगळ्यांचं हसून झाल्यावर.

रझाकारीत नाटकं बंद पडेतो नायिका बसप्पाच राहिला. चंद्रभानला पुढच्या साली मोलकरणीचं काम दिलं. बोलायला दोनच वाक्यं, पण ती पाठ करायच्या आधी तो अर्थ विचारायला वाण्याच्या दुकानी येऊन बसला.