लॅबबाईंनी कमी केलेला वेग

लॅब सोडून सात वर्षं झाली तरी बाईंचं नाव लॅबबाईच राहिलं. शाळेच्या संगणकांच्या खोलीत त्यांनी तेवीस वर्षं काढली, तीही शिकवायला नाही. शिकवणारे सर वेगळे. सर फळ्यावर चार ओळी लिहून चहाला निघून जायचे, आणि मागे कुणी माउसच्या पोटातली गोळी पळवली, कुणी कीबोर्डवर पाणी सांडलं, एखादा संगणक चालू होता होताच रुसून बसला, की ते सगळं निस्तरायला लॅबबाई. पुढे शाळेने नवे संगणक घेतले, ते सांभाळायला कंपनीचा माणूस आला आणि जुने अठ्ठावीस डबे भंगारात निघाले. त्यांच्याबरोबर बाईही निघाल्या. त्यांनी आदळआपट केली नाही. मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाल्या, "भंगारवाल्याला देणार आहात ते मला द्या. निदान ओळखीच्या घरात जातील."

दोन खोल्यांच्या घरात अठ्ठावीस संगणक आले. पलंगाखाली, कपाटावर, मोरीच्या दाराशीसुद्धा. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "बाई, इथे माणसं राहतात की डबे?" बाई म्हणाल्या, "डबे बरे. विचारल्याशिवाय बोलत नाहीत." जीभ अशी, म्हणून घरात येणारं-जाणारं बेताचंच होतं.

या डब्यांचं बाईंनी काय केलं, तर प्रत्येकाला एकच काम लावलं. आतली धूळ ब्रशने काढायची, फुगलेले कपॅसिटर बदलायचे, पंख्याला तेलाचा थेंब द्यायचा, जुनी डिस्क काढून छोटी नवी बसवायची. मग त्यात एक प्रोग्रॅम घालायचा, जो चाळीस वर्षांपूर्वीच्या गेम पार्लरमधल्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवतो. बटण दाबलं की डबा सुरू होणार आणि थेट जुन्या खेळांची यादी दाखवणार. पत्र नाही, हिशेब नाही, इंटरनेट नाही. त्यासाठीची तारच बाई उपटून टाकायच्या. "एका डब्याने एकच काम नीट करावं," त्या म्हणायच्या, "माणसांना तेवढंही जमत नाही." शाळेतली मुलं आता बापे झाली होती. तीच गिऱ्हाईक म्हणून यायची आणि लहानपण विकत घेतल्यासारखी खूश होऊन डबा उचलून न्यायची.

बाईंचे दोन नियम होते आणि ते त्यांनी कुणासाठी मोडले नव्हते. पहिला, खेळात लबाडी नाही. अनंत जीव द्या, वेग जरा कमी करा, अशी गळ पुष्कळजण घालायचे. बाई त्यांना दार दाखवायच्या. दुसरा, खेळणारा चुकला तर आधी यंत्र तपासायचं. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा माणूस उडी मारेपर्यंत किती वेळ जातो, हे त्या मोबाइलवर चित्रण करून, एकेक चित्र पुढे सरकवून मोजायच्या. मोजदाद जुळल्याशिवाय डबा उंबरा ओलांडत नसे. "माणसाला दोष द्यायला काय जातं," त्या म्हणायच्या, "शंभरातून नव्वद वेळा यंत्रच उशीर करत असतं."

हे वेड त्यांना लावलं दादाने, म्हणजे थोरल्या भावाने. दादा छापखान्यात यंत्रावर होता. संध्याकाळी सुटला की गल्लीच्या टोकाच्या पार्लरमध्ये जायचा, आणि चौदा वर्षांची बारकी त्याची जेवणाच्या डब्याची पिशवी धरून मागे उभी राहायची. बारकी म्हणजे याच लॅबबाई. दादाचा खेळ ठरलेला. अंधाऱ्या खाणीत कंदील घेऊन एक माणूस धावतो आणि वाटेत विहिरी येतात; अंगठ्याने बटण वेळेवर दाबून त्यांवरून उडी मारायची. पहिल्या फेरीत बारा. खेळाचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, सगळे 'विहिरी'च म्हणायचे. त्यात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. पार्लरचा मालक त्याला बघून कपाळाला हात लावायचा, कारण एका नाण्यात हा गडी तासभर यंत्र अडवून ठेवी. बारकीला गर्दीतून पडदा दिसायचा नाही. तिने तो सगळा खेळ कानांनी पाहिला.

दादाला त्रेसष्टावं लागलं आणि त्याचं डोकं साथ सोडायला लागलं. आधी किल्ल्या, मग घराचा पत्ता, मग वहिनींचं नाव. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "नावं जातील, मग माणसं जातील," ते म्हणाले. "हाताला लागलेल्या सवयी मात्र सगळ्यात उशिरा जातात. त्यातलं काही करत राहिले तर बरं वाटेल त्यांना."

वहिनींना यातलं शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही, त्या डोळे पुसत होत्या. बाईंनी मात्र ते मनात धरून ठेवलं. छापखान्यातली यंत्रं आता कुठे मिळणार? पण 'विहिरी' मिळणार होत्या. दादाच्या हातात अजून जमेल असं एक काहीतरी राहावं, एवढंच बाईंना हवं होतं. सगळ्याच गोष्टींत "राहू द्या, मी करते" ऐकायची वेळ त्याच्यावर आली होती. एका तरी गोष्टीत तसं होऊ नये.

त्या डब्यावर बाईंनी दीड महिना घालवला. जुन्या टीव्हीसारखा नळीचा जाड पडदा शोधला, सुताराकडून कंबरेइतकं लाकडी खोकं करून घेतलं, खेळायचा दांडा तीन वेळा बदलला. मोजदाद केली तेव्हा उशीर इतका कमी भरला की त्या स्वतःशीच हसल्या. असा डबा त्यांच्या हातून आधी झाला नव्हता.

आणि तो पोचवायच्या दोन दिवस आधी त्या दादाकडे जेवायला गेल्या. शर्टाचं वरचं बटण लावताना दादाची बोटं थरथरत होती. एक बटण लावायला त्याला इतका वेळ लागला की शेवटी वहिनींनी पुढे होऊन लावून दिलं. "राहू द्या, मी करते."

घरी येऊन त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि खेळाचा वेग शंभर टक्क्यांवरून नव्वदावर आणला. एवढ्याने संगीत जड झालं असतं आणि दादाच्या कानाला ते लगेच कळलं असतं, म्हणून सुराची पट्टीही वर उचलून ठेवली. गिऱ्हाइकांना दार दाखवणाऱ्या बाईंनी ही लबाडी इतक्या सफाईने केली की त्यांची त्यांना लाज वाटली. पण भाऊ होता. आणि तो खऱ्या वेगात पडलेला त्यांना बघवला नसता.

डबा बघून दादाचा चेहरा उजळला. खोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "बारके, हे कुठून उचलून आणलंस?" पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याने त्यांना हाक मारली होती. तो उभा राहिला, पाय थोडे फाकवले, दांडा धरला. अगदी तोच. पहिली विहीर गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या विहिरीत कंदीलवाला सरळ पडला. पुन्हा खेळला. पुन्हा तिसरीच.

"बारके," दादा म्हणाला, "मशीन गंडलंय गं. मागे पडतंय."

खरं सांगायचा तो क्षण होता. पण खरं म्हणजे काय सांगणार? तुझ्याच्याने होणार नाही असं वाटलं, म्हणून खेळ सावकाश केला, असं?

"नाही रे दादा," त्या म्हणाल्या. "मी तपासून आणलंय. मशीन ठीक आहे."

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. "तू तपासलंस ना? मग ठीकच असणार," असं म्हणाला आणि पुन्हा पडला.

पुढच्या वेळी बाईंनी तो चहा घेत असताना गुपचूप वेग ऐंशीवर आणला. दादा दुसऱ्या विहिरीत पडायला लागला. त्यांनी सत्तरावर आणला. आता तो पहिलीही ओलांडेना. बाई घरी येऊन रडल्या. डॉक्टर म्हणाले होते, हात शेवटी जातील, आणि इथे हातच आधी चालले होते. एकदा दादा पडद्यासमोर नुसता उभा राहिला, दांड्यावरून हात काढले आणि वहिनींना म्हणाला, "माझं सगळं गेलं गं." त्या दिवसानंतर तो डब्याजवळ फिरकला नाही. वहिनींनी त्यावर चादर टाकली. बाईंनीही ती काढली नाही.

असे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत दादाचं बोलणं तुटत गेलं आणि बारकी ही हाकही बंद झाली. बाई गेल्या की तो सभ्यपणे विचारायचा, "बसा. कुणाकडे आलात?"

एका दुपारी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि बाई त्यांना मदत करत होत्या. दादा खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. त्याचा अंगठा खुर्चीच्या हातावर हळूच पडत होता. टक. टक. टकटक. टक.

बाईंचे हात थांबले.

"वहिनी, हे कधीपासून?"

"ते होय? रोजचंच आहे. सारखं वाजवत बसतात. मी तिकडे लक्षच देत नाही, ताई."

पहिल्या दोन विहिरी लांब लांब, मग दोन लागोपाठ, मग पुन्हा एक लांब. बाईंनी हे हजार वेळा कानांनी पाहिलं होतं. त्यांनी मोबाइल काढला, अंगठ्याचं चित्रण केलं आणि घड्या तशाच टाकून घरी गेल्या. टेबलावर एका बाजूला तो अंगठा आणि दुसऱ्या बाजूला खेळ, पूर्ण शंभराच्या वेगात. एकेक चित्र पुढे सरकवत त्यांनी मोजलं. पहिली विहीर जुळली. तिसरी जुळली. सातवी जुळली. बाराव्या विहिरीपर्यंत दादाचा अंगठा एकदाही चुकला नव्हता.

दादा डोळ्यांनी खेळतच नव्हता. त्याच्या हातांना बाराही उड्यांची वेळ पाठ होती आणि त्या अगदी वेळेवर पडत होत्या. बाईंनीच विहिरी उशिरा आणल्या होत्या. नव्वदाला चूक साठत साठत तो तिसऱ्या विहिरीत पडला, ऐंशीला दुसऱ्या, सत्तराला पहिल्या. त्या जितका वेग कमी करत होत्या, तितक्या लवकर त्या त्याला पाडत होत्या. आयुष्यभर त्या सांगत आल्या, आधी यंत्र तपासा. आणि स्वतःच बिघडवलेल्या यंत्रासमोर उभ्या राहून त्यांनी भावाला तपासलं होतं. खऱ्या वेगात त्याला एकदाही खेळू दिलं नव्हतं. एकदा जरी दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वहिनींच्या दारात उभ्या. तोंड धुतलेलं नाही, केस विंचरलेले नाहीत. चादर काढली, डबा सुरू केला, वेग शंभरावर नेला आणि सुराची पट्टीही जागेवर आणली. मग दादाच्या खुर्चीपुढे खाली बसल्या.

"दादा, चल. खेळ एकदा."

दादाने डब्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. चटका बसलेलं मूल चुलीपाशी धरतं तसे. खेळ काय होता, कधी खेळलो, यातलं त्याला काही आठवत नव्हतं. पण त्या खोक्यासमोर आपली फजिती झाली होती, एवढं अंगात बसलं होतं.

"नको हो बाई," तो म्हणाला. "मला नाही जमत ते."

"जमतं रे. सगळं जमतं तुला. माझं चुकलं. मी मुद्दाम सावकाश केलं होतं. तू म्हणालास ना मशीन गंडलंय, तेच खरं होतं. तू बरोबर होतास, दादा."

बाईंनी त्याचा हात ओढून बघितला. त्याने तो आणखी घट्ट दाबला. मग त्यांचा रडका चेहरा बघून त्याला दया आली असावी, कारण तो पुढे वाकला आणि अनोळखी माणसाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला,

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मशीन चांगलं आहे. माझी धाकटी बहीण यातली मोठी जाणकार आहे. तिने तपासून सांगितलं मला, मशीन ठीक आहे. ती माझ्याशी खोटं बोलायची नाही."