सिस्टरचं उठणं

वृद्धाश्रमात तिला सगळे सिस्टर म्हणत. उभी हयात दवाखान्यात गेली होती तिची, माणसांना कुशीवर वळवण्यात, काखेत हात घालून बसवण्यात, संडासला नेण्यात. आता तिलाच कुणीतरी उठवत होतं. मदतनीस पोरी वाईट नव्हत्या, पण सदा घाईत. "चला आजी, एक दोन तीन," असं म्हणून उचलत, आणि दर वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

अशात व्यायामवाली बाई येऊ लागली. जेवणघरातली टेबलं बाजूला सारून ती पाच-सहा जणांना खुर्च्यांवर बसवी आणि कमरेला वजनाचा पट्टा बांधी.

"हात न टेकता उठायचं. बसायचं. परत उठायचं. दम लागला तर लागू दे."

सिस्टर उठली आणि मांड्या अशा थरथरल्या की पट्ट्यातली वजनं वाजली. कान तापले. तोंडाला कडू चव आली. काळीज फुटतंय की काय असं वाटलं.

"आपल्याला काय कुस्त्या खेळायच्यात?" शेजारची आक्का फणफणली. "जिथं जायचंय तिथं चौघं उचलूनच नेणार!"

सगळे हसले. सिस्टरला हसायलाही श्वास उरला नव्हता. दुसऱ्या खेपेनंतर आक्कानं अंग काढून घेतलं.

सिस्टर जात राहिली, पण हौसेनं नव्हे. व्यायामाचा दिवस उजाडला की ती पांघरूण डोक्यावर ओढून घेई. कधी गुडघा दुखतोय म्हणून खोटं सांगे. बाई ओळखायची, पण "आज हलका पट्टा बांधू" एवढंच म्हणायची. सोडत मात्र नसे.

लेक भेटायला आली तेव्हा आई पलंगावर आडवी, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"या वयात कशाला छळतात तुला? थांब, सांगूनच येते त्यांना."

"नको."

"अगं, पार गळून गेलीयेस!"

"नुसतं पडून असते तेव्हाही गळूनच जाते. तो शीण झोपूनही जात नाही. हा निदान जातो."

लेकीला ते पटलं नाही. तिनं पंखा वाढवला आणि पाय चेपत बसली.

मग एका सकाळी सिस्टर संडासात बसून घंटी दाबत राहिली. कुणी येईना. पायांना मुंग्या आल्या. शेवटी तिनं पावलं मागं घेतली, अंग पुढं झोकलं आणि उठली. भिंतीला हात न लावता. लुगडं नीट केलं, हात धुतले. मदतनीस पोरगी धावत आली तेव्हा ती दारात उभी होती.

"कुणी उठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"पडला असतात म्हणजे? बोलणी मला बसली असती ना!"

पोरगी रागावली ते सिस्टरला समजत होतं. तिनं मान डोलावली. पण पलंगावर बसल्यावर डोळ्यांना पाणी आलं ते थांबेना. किती दिवसांनी तिच्या अंगाला परक्याचा हात न लागता तिचं काम झालं होतं.

हे फार दिवस टिकलं नाही. छातीत कफ झाला, ताप आला. अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा मांड्यांची कातडी लोंबत होती. कमावलेलं सगळं वाहून गेलं होतं. पुन्हा त्याच पोरी, पुन्हा तेच एक दोन तीन.

व्यायामवालीनं तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. या वेळी बिनपट्ट्याचं. आक्का दारात काठी टेकून उभी होती.

"आता तरी पुरे कर की गं."

"कंटाळा आलाय खरा," सिस्टर म्हणाली. "फार कंटाळा आलाय."

ती अर्धी उठली आणि बदकन खाली बसली. पावलं मागं ओढली. मग पुन्हा अंग पुढं झुकवलं. या खेपेला गुडघे सरळ झाले, बाईनं पाठीमागं हात धरून ठेवला होता, लावला नव्हता. "बास, आजचं झालं," बाई म्हणाली. सिस्टरला चाकाच्या खुर्चीतून खोलीत नेलं, आणि जेवणाचं ताट येण्याआधीच ती झोपून गेली.