चिंचेच्या ओंडक्यातला खिळा

भूत, करणी, अंगात येणं — यातलं मी काही मानत नाही. आधी मानत नव्हतो, आत्ताही मानत नाही. तुमचं मासिक आमच्या नात्यातली एक बाई पुण्याहून पाठवते, त्यातले अनुभव मी वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरचे मराठी; मी तिसरी शिकलेला माणूस, तीही तमिळमधून. ही अक्षरं आजोबांनी स्तोत्रं वाचता यावीत म्हणून छडीनं शिकवली. चुका असतील त्या सुधारा, पण मजकूर बदलू नका.

माझी सॉ मिल आहे. तंजावूरहून ओरत्तनाडूला जाताना, कालव्याच्या अलीकडे. स्मशानातली झाडं कापली, देवळातली कापली, माणूस लटकलेली फांदीही कापली. काही झालं नाही. मी भितो ते फक्त लोखंडाला. झाडाला कोणी पाटी ठोकतो, कोणी गाय बांधायला खिळा मारतो, वर साल वाढते आणि खिळा आत गडप होतो. बँडसॉचं पातं त्यावर आलं की तुटतं, आणि तुटलेलं पातं कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. माझ्या मारियप्पनचा डावा कान असाच गेला. तो म्हणायचा, "मुदलाळी, दुसराही कान घेणार असाल तर आधी सांगा. बायकोचं काय ऐकायचं राहिलंय ते ऐकून घेतो." मुदलाळी म्हणजे मालक.

लोखंड शोधायचं एक जुनं मशीन होतं माझ्याकडे, पण ओलं लाकूड दिसलं की ते उगाच ओरडायचं. मग बाहेरचा माल देशात मोकळा यायला लागला आणि मिलच्या दारात एजंट यायला लागले. मी दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. एकमेकांबद्दल कळवलं नाही. एक मद्रासचा, टाय बांधलेला — त्याचं मशीन परदेशी, टॉर्चसारखं हलकं, लोखंडाजवळ गेलं की शिटी वाजवायचं. दुसरा कोइम्बतूरचा, जाडा — त्याचं मशीन देशी, इस्त्रीसारखं जड, त्याला काटा. काटा हलला की खिळा आहे. एकमेकांना बघून दोघांची तोंडं अशी झाली की मला त्या दिवशी जेवणाची गरज नव्हती.

टेस्टला मी एक चिंचेचा ओंडका काढून ठेवला होता. रस्ता रुंद करताना ओरत्तनाडूच्या पलीकडचं एक जुनं झाड पाडलं, त्याचा. हे झाड खिळ्यांसाठीच ओळखलं जायचं. आमच्याकडे बाईला पेय् लागलं, म्हणजे भूत लागलं, की तिला अशा झाडापाशी नेतात. पुजारी डमरू वाजवतो, बाईच्या टाळूवरची केसांची बट खिळ्यानं झाडाला ठोकतो, मग बट कात्रीनं कापतो. बाईनं मागे न बघता निघून यायचं. पेय् झाडात अडकलं, बाई सुटली. अशी किती पिढ्यांची डोकी त्या झाडाला ठोकलेली. मारियप्पननं ओंडक्याला हात लावायला नकार दिला. म्हणाला, "जळणाला द्या." मी म्हटलं, एवढे खिळे फुकट कुठे मिळणार? मशीन तपासायला याच्यापेक्षा चांगलं लाकूड नाही.

तर टेस्ट सुरू झाली. वरवरचे खिळे दोन्ही मशीनांना सापडले. खोलातले देशी मशीन चांगलं धरत होतं, बारीक तारा परदेशी. ओल्या भागावर दोन्ही गप्प राहिली, ते मला आवडलं. एवढ्यात माझी धाकटी बहीण गोदा टिफिन कॅरियर घेऊन आली. नवरा वारल्यापासून ती माझ्याकडेच असते. तिची बडबड लांबूनच ऐकू यायची — ऑटोवाला, कोथिंबीर, शेजारणीची सून. ओंडका बघून ती मध्येच थांबली.

"अण्णा, हे माझं झाड."

"तुझं? जमिनीचा पट्टा दाखव."

एजंट हसले. ती म्हणाली, "आईनं मला या झाडापाशी नेलं होतं. विसरलास काय?"

मी विसरलो नव्हतो. वयात आली तेव्हा गोदाचं बोलणं बंद पडलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसायची, भरवलं तर खायची. आईनं आजोबांच्या हाती खिळा देऊन तिला या झाडाकडे नेलं, बट ठोकून आणली. येताना बसमध्ये ती कंडक्टरशी भांडली, आणि त्यानंतर गप्प म्हणून बसली नाही. तेव्हा वैद्याचा काढाही चालू होता. माझ्या मते गुण काढ्याचा.

"बाकीचे सगळे काढ," ती म्हणाली. "माझा तेवढा राहू दे."

"का? परत बोलणं बंद होईल? होऊ दे की. घरात रेडिओ तरी ऐकू येईल."

तीही हसली. पण तिनं ओंडक्यावर, फांदी फुटते त्याच्या खाली, हात ठेवला आणि काढेना. मला कळलं, खिळा तिथे आहे. मी तिचा हात बाजूला केला आणि दोघांना म्हटलं, इथे बघा.

परदेशी मशीननं जोरात शिटी मारली. देशीचा काटा जागचा हलला नाही. झालं, दोघांची जुंपली.

"तुमचं मशीन वाऱ्यावर भुंकतं, सार."

"तुमचं बहिरं आहे. या माणसाचा गेलेला कान त्याला बसवा."

मी म्हटलं, भांडू नका, उघडून बघू. ज्याचं खरं त्याचं मशीन घेणार. गोदानं माझं मनगट धरलं. "अण्णा, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलंय?"

"मशीन मला घ्यायचंय. तू बाजूला हो."

मारियप्पननं पटाशी घेतली नाही. मीच घेतली. वरचं लाकूड अखंड होतं, कुठे भेग नाही. ते काढल्यावर आत जुन्या चौकोनी खिळ्याचं भोक दिसलं. भोकात केसांची बट, काळीभोर, घट्ट पिळून बसलेली. खिळा नाही. गंजाचा डागसुद्धा नाही.

मद्रासवाल्यानं परत मशीन फिरवलं. गप्प. कोइम्बतूरवाला खूश झाला. मद्रासवाला म्हणाला, खिळा ढलप्यांत पडला असेल, आणि जमिनीवरून मशीन फिरवत मागे मागे गेला. मागे गोदा उभी होती. मशीन ओरडलं.

तिनं स्वतःच नाकातली चमकी काढली, कानातल्या कुड्या काढल्या, पदराची पिन काढली, टिफिनच्या झाकणात ठेवली. मद्रासवाल्यानं पायापासून वर मशीन नेलं. काही नाही, काही नाही… आणि टाळूवर आल्यावर अशी शिटी वाजली की मारियप्पननं आपला उरलेला कान झाकला. मी कोइम्बतूरवाल्याला म्हटलं, तुझं आण. त्याचा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. इतका वेळ दोन्ही मशीनांचं त्या बटेवरून भांडण चाललेलं, आता एकमत झालं.

"गोदे, केसांत काय लपवलंस?"

मी तिचा अंबाडा सोडला, केस विंचरून बघितले. पांढऱ्या केसांत काही नव्हतं. तिनं तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती वळली आणि मिलच्या भिंतीकडे तोंड करून बसली. कोइम्बतूरवाला मशीन उचलून कॉफी न घेताच गेला. राहिलेलं परदेशी मशीन मी ठेवून घेतलं. ते चांगलं आहे, अजून एकदाही चुकलेलं नाही.

गोदाचा एक्सरे काढला. स्वच्छ. डॉक्टर म्हणाले घसा ठीक, मेंदू ठीक, धक्का बसला असेल, बोलेल. आता काही वर्षं झाली. बोललेली नाही. ओंडक्याचे खाटकांसाठी ठोकळे कापले, पातं कुठेही अडलं नाही.

मारियप्पन अजून मागे लागतो. "पुजाऱ्याचा मुलगा आहे तिथे, मुदलाळी. दुसरं झाड धरलंय त्यांनी. एका सकाळचं काम आहे." पण रीत अशी की खिळा घरच्या कर्त्या पुरुषानं नेऊन द्यावा लागतो, त्याशिवाय पुजारी बटेला हात लावत नाही. आणि तिच्या घरात कर्ता पुरुष म्हणजे मी एकटा. मी तिथे खिळा हातात घेऊन उभा राहिलो, तर सगळ्या जिल्ह्यात होईल — बघा, म्हातारा शेवटी आला. ते माझ्यानं होणार नाही. जे मानत नाही ते करणार नाही. बायको बोलायची थांबली माझ्याशी, मुलानं वेगळं बिऱ्हाड केलं. करू दे.

कधी मी घरी मशीन बाहेर काढलं तर गोदा आपणहून मान खाली करते. मी टाळूवर धरतो. वाजतं. ती मान वर करून माझ्याकडे बघते, मी मशीन पेटीत ठेवतो.

आणि रोज सकाळी मी कॉफीला बसलो की ती केस मोकळे सोडून येते, लाकडातून काढलेल्या खिळ्यांच्या डब्यातला एक खिळा निवडते, पदरानं पुसते आणि माझ्या पेल्याशेजारी ठेवते. कॉफी संपली की मी तो डब्यात परत टाकतो. दुसऱ्या दिवशी ती दुसरा निवडते.

लाकडात खिळा होता तर गेला कुठे, आणि नव्हता तर मशीन का वाजलं, आणि अजून का वाजतं — याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. वाचकांत कोणी मशीनचं शिकलेला असेल त्यानं मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावं. पुजाऱ्यांनी लिहू नये.