सालटं

बदनापूर स्टेशनावर मी रडले ते माहेर सुटलं म्हणून, असं तुम्ही घरचे सगळे आजवर समजत आलात. फलाटावरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले, दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोंड फिरवलं, आणि माय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आता सिकंदराबादेत बसून खरं काय ते सांगून टाकते. मी कोंबड्यासाठी रडत होते.

तो कोंबडा पिल्लू असल्यापासून मी वाढवला होता. त्याच्या आईला मुंगसानं नेलं, तेव्हा टोपलीखाली ठेवून त्याला कण्या चारल्या. लाल, उंच तुऱ्याचा, आमच्या गल्लीत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. आमचे हे मला न्यायला आले आणि दादांनी त्यालाच धरला. जावई आले की कोंबडा कापायचा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरी कोंबडीच्या फोडीफोडीला मालक ठरलेला. तंगड्या जावयाला, काळीज थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, छातीचं मांस दादांना आणि भावांना. पुरुषांची पंगत उठली की पातेल्याच्या तळाशी उरे ते बायांचं: मान, पाय, पंखांची टोकं आणि रस्सा. जावयाला मान म्हणून तंगडी मिळाली आणि मला नुसतीच मान. जिच्यावरून मी रोज हात फिरवायचे तीच.

मी ताट सरकवलं तेव्हा माय म्हणाली, "खा माय, खा. बायायला रस्सा बराबर असतो. आंगाला लागतो." हे वाक्य मी माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकलं होतं. रस्सा एवढा अंगाला लागत असेल, तर पुरुषांनीच का नाही तो प्यायचा? कुणी अडवलंय? पण हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही, आणि गाडीत बसल्यावर सुचलं.

सिकंदराबाद म्हणजे निझामाच्याच राज्यातलं. राजा तोच, पण जग निराळं. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. एका खोलीचं क्वार्टर, ओळीत सगळ्यांचा मिळून एक नळ. गावाकडं अंगणात तीन दगड मांडून त्यावर कोंबडी शिजायची, घरातल्या चुलीला तिचा विटाळ. इथं अंगणच नाही. पहिल्यांदा खोलीतल्या शेगडीवर कोंबडी चढवली तेव्हा मी घडीघडी देवांच्या फळीकडं बघत होते. काही झालं नाही. देव जागच्या जागी होते.

शेजारी रोझीबाई राहायची. गोव्याकडची ख्रिस्ती, नवरा गार्ड. एका दुपारी तिनं बशी भरून काहीतरी आणलं. उकडलेल्या कोंबडीचं मांस हातानं सुटं केलेलं, त्यात बटाट्याच्या फोडी, आणि वरून अंड्याचा बलक, तेल, मोहरी आणि सिरका घोटून केलेलं पिवळं दाट कालवण. म्हणाली, "सलाद है. ठंडाच खाने का, सारजा. गरम करेगी तो मजा गया."

थंड मांस म्हणजे आमच्याकडं शिळं, आणि शिळं कुणी खायचं तेही ठरलेलंच. पहिला घास मी नाक मुरडूनच घेतला. दुसऱ्या घासाला लक्षात आलं, की हे मांस तंगडीचं की छातीचं हे मला सांगता येत नाही. सगळं एकमेकांत मिसळलेलं. रोझीच्या घरी पाच माणसं, आणि पाचही बशांत तेच असणार. मी बशी पुसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

सिरका माझ्या घशाला पटला नाही, म्हणून मी माझ्या पद्धतीचं करायला लागले. कोंबडी मिरे घालून उकडायची, पातेलं ओल्या फडक्यावर ठेवून निववायचं, मग मांस रेषेरेषेनं सोडवायचं. उन्हाळ्यात त्यात कैरीचा कीस आणि कांदा. थंडीत जवसाची चटणी आणि करडईचं कच्चं तेल, हे माझं सगळ्यांत आवडतं. कधी काकडी, दाण्याचा कूट आणि वर जिऱ्याची फोडणी. आणि कधी फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही, त्यात वाटलेली मोहरी. आमचे हे आधी तंगडी शोधायचे. महिनाभर शोधली. मग दह्यातल्याला इतके सवकले की पातेलं बोटानं पुसू लागले. मी म्हणायचे सलाद, ते म्हणायचे कोशिंबीर, आणि दोघं एकाच वेळी एकाच पातेल्यातून खायचो.

काही वर्षांनी आखाडात आम्ही दोघं गावी गेलो. मरीआईला दाखवून आणलेली दोन कोंबडी अंगणात होती. मी मायला म्हटलं, आज मी करते. तिच्या मनात नव्हतं, पण लेक पाव्हणी आलेली, म्हणून तिनं पळी माझ्या हातात दिली. मी सगळं मांस सोडवून दह्या-मोहरीत कालवलं, परात भरली. हाडं फेकायची कशाला, म्हणून ती रश्श्याच्या पातेल्यात टाकली. भावजयीनं विचारलं, "ह्याला काय म्हंतेत वन्सं?" मी सांगितलं, सलाद.

ती बिचारी परात घेऊन पंगतीत गेली. सासऱ्यांपुढं बोलायचं म्हणून तोंडात पदर. आबांनी विचारलं काय आहे हे, आणि ती पदरातून काय पुटपुटली देव जाणे. आबा जोरात म्हणाले, "काय? सालटं?"

झालं. कोंबडीची सालटं! आबा ताटावरून उठले, अंगणात आले, पळी घेऊन पातेलं ढवळलं. "हे पाहा हाडं! हाडं हितं, मंग मांस कुठं गेलं? चुलीम्होरंच खाऊन टाकलं की! जावई पंगतीत बसेल हाय आन् ह्या बाया सालटं वाढून राह्यल्या!"

मी म्हटलं, "आबा, ते मांसच आहे. एक घास खाऊन तर बघा."

त्यांनी बोट लावून पाहिलं आणि दुसरीच ओरड सुरू केली. "दह्यात मांस? कोड फुटंल आंगावर!"

दादा माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाले, "सारजे, सिकंदराबादेत हेच शिकली का?" आणि पंगत उठली. आमचे हेसुद्धा उठले. घरी पातेलं पुसणारा माणूस मुंडी खाली घालून सासऱ्यामागं चालता झाला. त्याचं उट्टं मी पुढं काढलं, ते इथं सांगत नाही.

आता तुम्हीच सांगा. आमच्या किती पिढ्यांनी पाय चघळले, माना चोखल्या, सालटं खाल्ली, आणि वर हसून म्हटलं की आंगाला लागतं. तुमच्या ताटात एक दिवस सालटं आली, तीही खरी नव्हेत, नुसती ऐकण्यात आली, तर अन्नावरून उठलात! बायांना वाढायला जे चालतं, त्याचं नुसतं नावही तुम्हाला पचलं नाही. मला कोंबडीचा नाही, याचा राग आहे, आणि तो उतरेल असं वाटत नाही.

परात तशीच भरलेली होती. भावजयीनं खाल्लं, लाजत लाजत दोनदा घेतलं. मीही खाल्लं. मायला वाढलं, तर तिनं ताटावर हात धरला. "ते उपाशी गेलेत. मी कशी खाऊ?" मग पातेल्यातून रस्सा घेतला, भाकरी कुस्करली, आणि मानेचं हाड चोखत बसली. माझ्याच्यानं पाहवलं नाही. मी तिथंच सांगून टाकलं, की माय पोटभर मांस खाईल त्या दिवशी मी ह्या घरी जेवेन, त्याआधी नाही. दुसऱ्या दिवशी बदनापुरात गाडीत बसले तेव्हा डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

म्हणून पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले नाही. तुम्ही नावं ठेवलीत. शेवटी मायच इकडं आली. दादांनीच तिला गाडीत बसवून दिलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जवसाची चटणी आणि करडईचं तेल घालून सलाद केलं. मायचे दात बरेच पडले होते, म्हणून मांस अगदी बारीक सोडवलं. ताट पुढं ठेवलं. तिनं आधी विचारलं, "जावई जेवले का?" म्हटलं, डबा नेलाय. तिनं घास घेतला, हळूहळू चावला, जिभेनं काहीतरी शोधलं.

"हाड लागत न्हाई."

"न्हाईच त्याच्यात, माय."

ती थांबली. हात ताटातच. "मंग माझा वाटा कोणता हे कसं कळावं?"

मी पातेलंच तिच्यापुढं सरकवलं. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, कुणी नव्हतं. मग स्वतःच्या हातानं वाढून घेतलं आणि खालमानेनं खाल्लं. खाऊन झाल्यावर बोट चाटत म्हणाली, "छातीचं असं मऊ असतंय व्हय?" जिनं जन्मभर कोंबड्या रांधल्या तिनं हे मला विचारलं. मी नळावर जाऊन भांडी घासली, तिला तोंड दिसू नये म्हणून.

तुम्ही निरोप पाठवता, की सारजा घर विसरली. मी गाव विसरलेले नाही. गाडीत कुणी मराठी बोललं की मी पहिलं विचारते, बदनापूरकडचे का? पण घर म्हणाल तर सध्या ही एक खोली आहे, कारण मायनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते इथं. आता माय तिकडं परतली आहे, तिला पहिल्या पंगतीत बसवा. तिच्या ताटात छातीचं मांस वाढा, दादांच्या देखत. मी त्याच आखाडात येईन, आणि त्या दिवशी मला मान वाढलीत तरी चालेल.