आत्याचे चिंचोके

हिराआत्या तळ्यात मासे कधी अंदाजाने सोडत नसे. बोटाएवढी पिल्लं घेऊन टेंपो आला की ती पिशव्या आधी तळ्यावर तरंगत ठेवायची. पिल्लांना नव्या पाण्याची सवय होईतो स्वतः निवांत चहा प्यायची. मग चाळणीभर पिल्लं एकेक करून मोजायची आणि पुढे दर चाळणीला एक चिंचोका पदरात टाकायची. ठरलेले चिंचोके भरले की थांबायची. उरलेली पिल्लं शेजारच्या म्हादूदादाच्या तळ्यात जायची. टेंपोवाला चिडवायचा, की आजी, दोनशे जास्त गेली तर तळं फुटणार आहे का? ती म्हणायची, "कशेळ्याची जीप हाय का ती, कोंबायला?"

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कशेळ्याच्या पुढे, डोंगराखालच्या आमच्या वाडीत शेततळं तीच सांभाळायची. रोज उजाडताना काठावर उभी राहून पाणी बघायची. मासे तोंड वर काढून दिसले की म्हणायची, "पान्यात दम नाय." मी तिला एकदा पाण्यातला प्राणवायू सविस्तर समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे दमच की रं."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. याचा मला अभिमान होता, आजही आहे. कर्जतला बी.एस्सी. झालो आणि तळ्यासाठी एरेटर आणला, पाणी उडवून त्यात हवा मिसळणारा विजेवरचा पंखा. आता दुप्पट मासे राहतील, असं मी वाडीला सांगून टाकलं. आत्याने चिंचोक्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "तू शिकलेला हायेस. तू मोज." मी ती खिशात घातली आणि सगळी पिल्लं न मोजताच तळ्यात ओतली.

भाद्रपदात चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि पाचव्या दिवशी वीज गेली. पंखा बंद. उजाडलं तेव्हा तळंभर नुसती तोंडं वासलेली. आत्याची वर्षाची मेहनत डोळ्यांसमोर मरायला लागली होती. तिने आरडाओरडा केला नाही. मला म्हादूदादाचं डिझेल इंजिन आणायला पिटाळलं. तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पडेल असा पाइप बांधला आणि माणसं बोलावून जाळं टाकलं. निम्मे मासे, अजून पुरते वाढलेलेही नव्हते, काढून कशेळ्याच्या बाजारात पाठवले. दुपारपर्यंत उरलेले मासे तोंडं मिटून पुन्हा खोल पाण्यात गेले.

एवढे मासे तळ्यात आलेच कसे, असं लोक विचारू लागले. सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या जाळं झटकत म्हणाली, "माजीच मोजदाद चुकली." चिंचोके माझ्या घरी खुंटीवरच्या पँटीच्या खिशात होते. मी गप्प राहिलो.

पुढे वाडीत म्हणायचे, हिरा पण एकदा चुकलीच. मी तेव्हाही गप्प. आता खालापूरपर्यंतचे लोक तळ्यात किती पिल्लं सोडायची ते मला विचारायला येतात. मी सांगतो तो आकडा आत्याचा असतो.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. तेराव्याला जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ती चूक माझी होती, तिची नव्हती. म्हादूदादाने हात पुसले.

"आमाला तवाच ठावं व्हतं," तो म्हणाला. "हिरा कवा न मोजता सोडील का रं? तुजं नाव घिऊ नका, म्हनून तिनंच घरोघरी सांगितलेलं."