पिवळे अलग, पांढरे अलग

मुकुटबनची कोषवाली आत्या रेशमाचा कोष आधी कानाशी नेऊन हलवायची, मग डोळ्यांनी बघायची. आत खुळखुळ वाजलं नाही की, "कच्चा हाये, निजू दे त्याले." नात्यानं ती माझी कुणी नव्हती. सगळं गाव आत्या म्हणायचं, म्हणून मीही.

मी तेव्हा प्रयोगशाळेत कोष विरघळवून त्या द्रावातून नव्यानं रेशीमधागा काढायच्या खटपटीत होतो. कोष आत्याचे. तिचा दंडक एकच : पिवळ्या वाणाची टोपली अलग, पांढऱ्याची अलग. मी शिकलेला शहाणा! म्हणायचो, "आत्या, सोड्यात उकळले की दोन्ही पांढरेच. पुढे तर पाणीच करायचंय त्यांचं."

"रंग जाते बाप्पा. वान कुठी जाते?"

एकदा ती चहा ठेवायला आत गेली आणि मी घाईत दोन्ही टोपल्या एकाच पोत्यात ओतल्या. त्या खेपेचा धागा ताणला की तुटायचा. प्रयोगशाळेतल्या सरांनी कारण विचारलं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "कोषच खराब होते, सर." तिच्याकडून कोष घेणं बंद झालं. तो निरोपही मीच नेला. आत्या भांडली नाही. उलट माझी अडचण तिनंच सोडवली, "बाजूच्या कपाशीचा फवारा लागला असन माह्या तुतीले."

पुढे दुसरीकडचे कोष आणून दोन्ही वाण वेगवेगळे विरघळवले. एकाचा द्राव दाट, दुसऱ्याचा पातळ. प्रत्येकाचं माप निराळं. ते सांभाळलं आणि दोन्ही धागे टिकले. म्हणजे धागा तोडला होता तो माझ्या त्या एका पोत्यानं. खरं सांगायचं ठरवूनच मी मुकुटबनला गेलो.

तुतीच्या जागी कपाशी उभी होती. आत्यानं चहा दिला.

"धागा तुटनं थांबलं का रे?"

"हो."

"मंग बरं झालं म्या सोडलं. माह्याच हातात खोट व्हती."

बोलायची वेळ हीच होती. मी बशीत चहा ओतला आणि फुंकत बसलो. निघताना तिनं वाळवलेल्या कोषांच्या दोन पुरचुंड्या हातात ठेवल्या. "शेवटचे हायेत. पिवळे अलग, पांढरे अलग."

गेल्या वर्षी आत्या गेली. पुरचुंड्या माझ्या खणात तशाच आहेत, गाठ सोडायचा धीर होत नाही. अशा वेळी माणसं म्हणतात, सांगायचं राहून गेलं. माझं राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.