न घेतलेल्या नावाचं कुलूप

त्या दिवशी माझ्या पडवीत कोन कोन व्हतं ते पयलं सांगते, मागनं कुनी म्हनाया नको की म्हातारीनं मनानं रचलं. मी व्हते. माझी सून व्हती, ती उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला जायची. माझी धाकटी जाऊ व्हती, ती तितंच झाडलोटीला. शेजारीन व्हती, ती मशीनीवर. आनि माझ्या मागल्या खोलीत भाड्यानं राहनारी लातूरकडची पोरगी, ती त्याच कंपनीच्या हापिसात कागद करायची. ह्या आमी पाच जनी. संस्थेच्या दोघी व्हत्या. एक केस पिकलेली बाई, तिला समद्या ताई म्हनायच्या, वयानं माझ्याहून ल्हान असंल तरी. दुसरी शिकवायला आलेली पोरगी, पुन्याची. नाव कुनाचंच घेत न्हाई. नावानंच घात केलाय.

ही संस्था म्हंजी गोळ्या-औषिध वाटनारी न्हवं. सरकारनं कायदा बदलावा म्हनून कागद करनारी. कंत्राटावरच्या बायांचं नाव हजेरीत लागावं, पगाराची चिठ्ठी मिळावी, लघवीला जायला परवानगी मागायला लागू नये, असा कायदा पायजे म्हनं. त्याच्यासाठी बायांच्या तोंडचं लिवून घ्यायचं. आमी पाच जनींनी कंपनीतल्या बाकी बायांकडनं ऐकायचं आनि आपापल्या फोनात भरायचं. बाया संस्थेवाल्यांपुढं बोलत न्हवत्या. माझ्यापुढं बोलायच्या. मी त्या कंपनीत अकरा वरसं काढली व्हती. डाव्या हाताचं एक बोट तितंच ठेवून आले. कंत्राटदारानं कागदावर लिवलं, घरी विळीवर कापलं. मी अंगठा दिला. मला तवा वाचता येत न्हवतं असं न्हाई, चौथीपतूर शिकलेय. वाचलं आनि दिला. घरात दुसरं कुनी कमावतं न्हवतं.

म्हनून मी बायांना म्हनलं, बोला. तुमचं नाव भाईर जानार न्हाई. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं व्हतं, "आजी, जीव गेला तरी नाव बाहेर जाणार नाही." काम टिकायचं तर नाव आत राह्यला पायजे, एवढंच त्यात व्हतं. बाकी कायदा बियदा मला कळत न्हाई.

तर त्या दिवशी शिकवनारी पोरगी फोनात कुलूप लावायला शिकवीत व्हती. म्हनली, "तुमचा मोबाईल नंबर आणि तुमचा एक शब्द. एवढं टाकलं की जगात कुठूनही उघडतं. आणि शब्द माहीत नसेल तर आम्हालासुद्धा उघडत नाही."

जाऊ म्हनली, "कसला शब्द ठिवायचा?"

"असा ठेवा, जो तुमच्या तोंडातून कधीच निघत नाही. मलासुद्धा सांगू नका. बघा, मी भिंतीकडे तोंड करते."

आनि खरंच ती पोरगी भिंतीकडं तोंड करून हुबी राह्यली. शिकवल्याप्रमानं लई बरोबर वागली ती.

तोंडातनं कधीच न निघनारा शब्द. मी जावंकडं बघितलं. जावंनं शेजारनीकडं. शेजारनीनं पदर तोंडाला लावला. सून माझ्यापुढं मान खाली घालून हसाया लागली. कुनाला इचारायची गरजच पडली न्हाई. मी लग्न होऊन आले तवापासनं मालकांचं नाव कधी घेतलं न्हाई. ते गेले, तेरावं झालं, सरकारी बाबूनं इचारलं तरी दिराला म्होरं केलं. त्या दिवशी पयल्यांदा ह्या बोटानं त्यांचं नाव लिवलं. फोन म्हनला अक्षरं कमी पडत्यात. मग मागं 'राव' जोडलं. उगाच न्हाई सांगत, बरं वाटलं.

लातूरची पोरगी तेवढी फोनावर कायतरी खुडखुड करत बसली. ती नवऱ्याला नावानं हाक मारायची. "ए, डबा विसरलास बघ," असं रस्त्यापतूर ओरडायची. आमी मागं बोलायचो तिला.

त्या पावसाळ्यात बायांचं बोलनं लिवून झालं. मी माझ्या बोटाचं सांगितलं. सुनंनं तिचं सांगितलं, उभ्याउभ्या काम करताना पोट पडलं आनि त्याच पाळीत तिला परत मशीनीम्होरं कसं हुबं केलं ते. मला बी तवाच कळलं. इतकी वरसं घरात ऱ्हाऊन मला सांगितलं न्हवतं, फोनाला सांगितलं.

मग भातकापनीच्या सुमाराला एक साहेब आला, लांबनं. त्याचं काम असं की अशा कायदा बदलनाऱ्या संस्था तपासायच्या. कुनाकडं बायामानसांचं सांगितलेलं किती जपून ठेवलंय, कुनाचं कुलूप पक्कं, कुनाचं कच्चं. सायबर सुरक्षा म्हनतात त्याला. तीन संस्था तोलल्या त्यानं. एक आमची. एक पुन्यातली मोठी. आनि तिसरी पौडच्या अंगाला एक रिटायर मास्तर चालवतो ती. त्या मास्तरकडं बी आमच्या कंपनीतल्या दोघी गेल्या व्हत्या.

साहेब माझ्या पडवीत बसला, चा प्याला. मला इचारलं, "आजी, तुमचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"ह्या तोंडातनं कुनाला कळायचा न्हाई," मी म्हनले.

त्यानं खूश होऊन लिवून घेतलं.

आमची संस्था पयली आली. पुन्यातली दुसरी. मास्तर शेवटचा, कारन त्याच्या कॉम्प्युटरला कुलूपच न्हवतं आनि बायांचं बोलनं त्यानं दोनशे पानी वहीत लिवून कपाटात ठेवलेलं. ताईंनी पेढे आनले. पयल्या नंबराचा कागद चौकट करून माझ्या पडवीत लावला. खाली एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र व्हतं. त्याच्यावर फोन धरला की संस्थेचं दार फोनात उघडायचं. म्होरं आपला नंबर आनि आपला शब्द.

दिवाळी झाली आनि दुसऱ्याच आठवड्यात कंपनीच्या गेटवर कंत्राटदाराच्या मुकादमानं कागद काढून नावं वाचली. नऊ. काम कमी हाय, उद्यापासनं येऊ नका. सून त्यात, जाऊ त्यात, शेजारीन त्यात, आनि त्यांनी नि मी जिचं जिचं लिवलं त्या साऱ्या. सून घरी आली, डबा धुवून पालथा घातला आनि म्हनली, "आत्या, आपन लिवलं त्याच क्रमानं वाचली वो नावं."

लातूरच्या पोरीनं सहा बायांचं लिवलेलं. त्यातल्या एकीला बी हात लागला न्हाई. ती स्वता कामावर. मग काय, बायांना दुसऱ्या कुनाकडं बघायलाच नगं. हापिसात बसती, कंपनीच्या साहेबाशी बोलती, परक्या मुलखातली. हिनंच दिली नावं. माझ्या नळावर पानी भरायला येनाऱ्या बाया बंद झाल्या. शेजारीन मला तोंडावर म्हनली, "साप पाळलास घरात, आनि आमाला बोलवून दूध पाजाय लावलंस."

मी मागल्या खोलीत गेले. पोरगी कनिक मळीत व्हती.

"खोली मोकळी कर," म्हनलं.

"मावशी, तुम्हाला खरंच वाटतं का मी सांगितलं?"

"मला काय वाटतंय त्याला कोन इचारतंय."

"मी तुम्हालाच विचारतेय ना."

मी मागं वळले. तिनं हात धुतले न्हाईत, तसाच कनकीचा हात ठेवून हुबी राह्यली. चार दिवसांनी नवऱ्यानं टेम्पो आनला. जाताना तिनं खोली झाडून दिली. मी भाईर आले न्हाई. एका छपराखाली दोन वरसं राह्यली व्हती पोरगी, माझ्या तापात रातभर बसली व्हती. तरी भाईर आले न्हाई.

तिला जाऊन महिना झाला आसंल. मी गिरनीत दळाय गेले. तितं तो मुकादम, गेटवर नावं वाचनारा. आमच्याच भावकीतला हाय, मला काकी म्हनतो. माझ्या पडवीत शंभरदा चा पिऊन गेलाय. चार मानसं बसलेली, त्यांच्याम्होरं म्हनला,

"काय काकी, काकांचं नाव जलमात घेतलं न्हाई तुमी, पन फोनाला बरं शिकवलंत!"

मला आधी उमगलंच न्हाई.

"राव लावायला बी इसरला न्हाईत. मान म्हंजी मान!"

गिरनीवाला म्हनला, "काय रं, काय झालं?"

"आरं, माझ्या आईच्या फोनाचं कुलूप बी आमच्या आबांच्या नावानं. काकीच्या पडवीतल्या ठिपक्यांवर फोन धरला, नंबर तर ठावं व्हतेच, म्हनलं बघू, हिकडं बी तीच चावी चालती का. पयल्या झटक्यात! चौघींची चार दारं उघडली. ती लातूरची तेवढी उघडंना. तिच्या नवऱ्याचं नाव तर ती रस्त्यावर बोंबलती, तिला कशाला पायजे कुलपाला!"

हसली मानसं. मी पीठ घेतलं. गरम पिठाचा डबा कमरेला लावून घरी आले. गावातल्या समद्या मानसांना ठाऊक असलेलं नाव, सात-बाऱ्यावरचं, मतदार यादीतलं, दगडावर कोरलेलं, ते मी जगात कुनाला ठाऊक न्हाई असं धरून बसले. का, तर माझं तोंड ते घेत न्हाई म्हनून.

ताईंना बोलवून घेतलं. त्यांच्यासंगं फोनात एक तांत्रिक साहेब दिसत व्हता. तो म्हनला, "सिस्टीम हॅक झालेली नाही. योग्य पासवर्ड टाकून उघडली गेली आहे."

जाऊ म्हनली, "म्हंजी आमच्या नवऱ्यांनीच दार उघडून दिलं म्हना की. जलमात एक कवाड सरकवलं न्हाई त्यांनी."

ताई म्हनल्या, "आजी, तुम्हाला सांगितलं होतं ना, कुणाला माहीत नसेल असा शब्द ठेवा."

"न्हाई बाई. तोंडातनं न निघनारा, असं म्हनली पोरगी. ती हितं आसती तर तिनंच सांगितलं आसतं."

"अर्थ तोच होतो, आजी."

"तुमच्यात व्हत आसंल."

मग मी इचारलं, पयल्या नंबराचा कागद आता काढायचा का. तर तांत्रिक साहेब म्हनला, वापरनाऱ्याची चूक क्रमवारीत धरत न्हाईत. म्हंजी कुलूप पयलंच, आमीच शेवटच्या. ताईंचं डोळं भरलं, न्हाई असं न्हाई. पन त्यांनी कागद काढला न्हाई. महिन्याभरानं त्यांना कुठल्याशा परिषदेत तो दाखवायचा व्हता.

मी एस्टीनं मास्तरकडं गेले. म्हनलं तुमच्याकडं गेलेल्या त्या दोघी अजून कामावर कशा? मास्तरनं कपाटातनं वही काढून दिली. वाचत बसले, बोट ठेवून ठेवून. 'एक बाई, पॅकिंग, दोन लेकरं.' 'एक बाई, मशीन.' नाव कुटंच न्हाई. मी म्हनलं, नावं कुटं ठेवलीत? तर म्हनला, "विचारलीच नाहीत. मला काय करायचीत?" हा मानूस शेवटचा आलेला.

मग भूगावला गेले, त्या लातूरच्या पोरीचा पत्ता काढून. इमारतीच्या रखवालदारानं दोन तास बसवलं, खाली, पार्किंगात. ती कामावरनं आली, मला बघितलं. वर चला म्हनली न्हाई. मी बी इचारलं न्हाई.

म्हनलं, "आमच्याच हातनं झालं. तुझ्यावर आळ घेतला. मला तवा बी आतनं वाटत न्हवतं तू केलंस म्हनून. तरी काढलं तुला."

ती म्हनली, "ते जास्त वाईट आहे, मावशी."

"व्हय."

"माफी नको मला. मी लिहिलेली सहा नावं अजून त्यांच्याकडे आहेत. आणि सातवी मी. ती तेवढी पुसायला सांगा. मी तीनदा फोन केला, म्हणतात वरून परवानगी लागते, अहवाल पूर्ण होईपर्यंत काही काढता येत नाही. मी दुसरीकडे लागलेय आता, पण त्या सहा जणी अजून तिथेच आहेत."

मी म्हनलं, मी सांगते. येताना चांदनी चौकातल्या गर्दीत एस्टी लई येळ हुबी व्हती, तवा ठरवलं की ताईंनी ऐकलं न्हाई तर लिवायचं. ताईंना चारदा सांगितलं. दोनदा त्या म्हनल्या बघते. मग फोन उचलायच्या बंद झाल्या. मास्तर म्हनला, असे कागद अशा संस्थांच्या मोठ्या लोकांत फिरतात, कुनीतरी वाचंल. नातीला संगं बसवून हे लिवून घेतलंय. ती सुधारायला बघत व्हती, मी सुधारू दिलं न्हाई.

सून आता बंगल्यांवर झाडू मारती. तिचं जे सांगितलेलं, ते त्या मुकादमानं वाचलं, हे तिला ठाऊक हाय. ती त्याच्या दारावरनं जाताना मान वर करून जाती. मी मागनं बघते.

तर हे वाचनारं तुमी जे कुनी असाल, अशा संस्थेत तुमचं वजन असंल, तर सात बायांची नावं त्यांच्याकडं हायेत ती पुसून टाकायला लावा. अहवालासाठी थांबू नका. आनि पुसली म्हनून आमच्या गावी, कासार आंबोलीला, निरोप धाडा. मी भूगावला जाऊन सांगीन.